पहिल्या वर्षाचा सोबती

शिक्षकाचा व्यवसाय एका बाबतीत इतर सर्व विद्याव्यवसायांहून निराळा आहे. आणि नवल असे की, जन्मभर त्या व्यवसायात घालविलेल्यांच्याही ही गोष्ट फारशी ध्यानात येत नाही. आपल्या याज्ञिकांचेच पाहा. पाठशाळेतून संथा पुरी करून निघालेला तरुण उठला आणि एकटाच कोणाचे लग्न लावावयास गेला, असे कधी होत नाही. वर्ष दोन वर्षे तो थोरल्या उपाध्यायांबरोबर हिंडतो, दर्भ-समिधांची मांडामांड करतो, मंत्रांत साथ देतो, आणि यजमानाने काही आडवा प्रश्न विचारलाच तर वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. नव्या वकिलास ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत कागद चाळीत बसावे लागते. वैद्यकाची परीक्षा उतरलेल्यास रुग्णालयात वर्षभर वडील डॉक्टरांच्या नजरेखाली काम केल्यावाचून कायमची नोंदणी मिळत नाही. सुताराचा पोरगासुद्धा आधी बापाने आखलेल्या रेघेवर करवत चालवितो. शिक्षकास मात्र नेमणुकीचा कागद हाती पडला की एक वर्ग, एक हजेरीपत्रक आणि एक खडू मिळतो, आणि मागे दार लोटले जाते. तीस वर्षे शिकविलेल्या गृहस्थाचे जे काम, तेच आणि तितकेच काम या बावीस वर्षांच्या मुलाचे. किंबहुना अंमळ अधिकच; कारण जो वर्ग जुन्या मंडळींस नको असतो, तो बहुतकरून नव्याच्या वाट्यास येतो.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी या व्यवसायात नव्याने शिरत असते. कोठे मुलगी, कोठे सून, कोठे धाकटा भाऊ. आधी पात्रता-परीक्षा, मग अभियोग्यता-परीक्षा, मग ‘पवित्र’ नावाच्या संगणकीय यादीतून निवड, अशा दिव्यांतून पार पडून जिल्हा परिषदेच्या शाळेची नेमणूक आली म्हणजे घरात पेढे वाटले जातात; आणि ते माणूस बॅग व अंथरूण घेऊन कोठल्या तरी अपरिचित तालुक्यास निघून जाते. पुढे काय होते, ते घरच्यांस दिवाळीपर्यंत नीटसे कळत नाही. प्राथमिक शाळेत उभा जन्म घालविलेल्या माणसास हे मधले चार महिने कसे असतात याची कल्पना आहे. म्हणून हे चार शब्द त्या तरुणांकरिता, आणि त्यांच्याहूनही त्यांच्या घरच्या वडील मंडळींकरिता, लिहीत आहे.

अध्यापक विद्यालयात सरावपाठ होतात, हे खरे. परंतु सरावपाठाचे स्वरूप काय असते? घटक आठ दिवस आधी ठरलेला, तक्ते रंगवून तयार, वर्ग दुसऱ्याचा, त्यास शिस्त दुसऱ्याने लाविलेली, आणि पाठीमागे वहीत शेरे लिहिणारे अध्यापक बसलेले. तास संपला की तक्ता गुंडाळावा आणि निघावे. उद्या, परवा आणि पुढील दोनशे दिवस त्याच मुलांपुढे उभे राहावयाचे नसते. खऱ्या शाळेत राहावे लागते, आणि तेथेच सारी मेख आहे. सिमॉन वेनमन नावाच्या डच संशोधकाने १९८४ साली निरनिराळ्या देशांतील ८३ अभ्यास एकत्र करून नव्या शिक्षकांच्या अडचणी क्रमवार लाविल्या. त्यांत पहिली अडचण वर्गाच्या शिस्तीची. तिच्या मागोमाग मुलांच्या ठिकाणी शिकण्याची इच्छा उत्पन्न करणे, निरनिराळ्या कुवतीच्या मुलांस एकत्र सांभाळणे, त्यांच्या कामाचे मोल ठरविणे, पालकांशी वागणे, वर्गाच्या कामाची मांडणी करणे. विषय येत नाही ही तक्रार त्या यादीत बरीच खाली आहे. म्हणजे ज्याकरिता आपण परीक्षा घेतो, ते बहुधा येतच असते. जे येत नाही ते कोणत्याही परीक्षेत विचारलेले नसते.

त्यात आपल्याकडील खेड्याची शाळा म्हणजे निराळेच प्रकरण. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आहेत. हिशेब पाहता तीस मुलांस एक शिक्षक, हे प्रमाण वाईट नाही. परंतु वर्ग चार किंवा पाच, आणि शिक्षक दोन! त्यांतील वडील शिक्षकाकडे मुख्याध्यापकाचा कारभार; म्हणजे तालुक्याच्या सभा, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, संगणकावर भरावयाची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, आणि निवडणूक आली तर मतदारयाद्या. ते गृहस्थ कितीही सज्जन असोत, आठवड्यातून एक दोन दिवस नवा शिक्षक सर्व वर्गांसह एकटाच असतो. पहिलीचे मूल रडत आहे, चौथीची मुले भागाकारात अडली आहेत, आणि तिसरीत कोणी कोणाची पाटी फोडली आहे, हे सर्व एका क्षणी व्हावयाचे. अशा वेळी मानसशास्त्राच्या पुस्तकातील कोणते प्रकरण उघडावे?

यावर उपाय एकच आहे, आणि तो जुना आहे: जवळ एक जाणते माणूस असावे.

आपल्या महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाचा आरंभ ज्या शिक्षिकेच्या नावाने सांगितला जातो, त्या सावित्रीबाई फुले यांचेही पहिले वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात शाळा निघाली, तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. रस्त्याने जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकीत आणि म्हणून शाळेत बदलावयास दुसरे लुगडे ठेवावे लागे, ही हकीकत चरित्रकारांनी नोंदविलेली सर्वांस ठाऊक आहे. हे करणाऱ्यांत आपल्या समाजाची माणसे होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाड्याची जागा देणारे तात्यासाहेब भिडे आणि पाठीशी उभे राहिलेले गोवंडे, परांजपे हे स्नेहीही त्याच समाजातले, हेही तितकेच खरे. परंतु या हकीकतीत आपण केवळ धैर्य पाहतो आणि सावित्रीबाईंभोवती कोण कोण होते, याचा विचार करीत नाही. घरी शिकवून तयार करणारे जोतीराव होते; अहमदनगरास फरारबाई व पुण्यास मिचेलबाई यांजकडे अध्यापनाचे धडे मिळाले, असे चरित्रकार सांगतात. पुढे १८४९ साली सासऱ्यांनी घराबाहेर काढले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. आणि शाळेत फातिमाबाई होत्या. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावास होत्या. तेथून त्यांनी पतीस लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकूर करावयाची नाही, अशा आशयाचा मजकूर आहे. मोठमोठ्या गोष्टींनी भरलेल्या त्या आयुष्यात हे वाक्य लहान आहे. पण ज्याने शाळेत काम केले आहे त्यास त्याची किंमत कळेल. आपण नसताना आपला वर्ग जी मुकाट्याने सांभाळते, तीच सहकारिणी.

आता अशी सोबत मिळण्यास आपल्या व्यवस्थेत जागा आहे की नाही, हे पाहू. कागदावर ती आहे. दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख असतो, त्यावर विस्तार अधिकारी, त्यावर गटशिक्षणाधिकारी; केंद्रातील शिक्षकांच्या वेळोवेळी शिक्षण परिषदा भरतात; जिल्ह्यास प्रशिक्षण संस्था असते. परंतु केंद्रप्रमुखांच्या पुष्कळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहत आल्या, आणि ज्या भरलेल्या असतात तेथील गृहस्थ माहितीचे तक्ते गोळा करण्यात बुडालेले. शिवाय आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे नव्या शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर काम करावयाचे आणि ते समाधानकारक ठरले तर कायम व्हावयाचे. हे मानधन प्राथमिकास २०२२ अखेर अवघे सहा हजार होते. २०२३ पासून ते सोळा हजार झाले. पैशाची गोष्ट तूर्त बाजूस ठेवू. ज्याच्या शेऱ्यावर आपली नोकरी कायम व्हावयाची, त्यास जाऊन ‘साहेब, माझा वर्ग मला आवरत नाही’ असे कोणता शिक्षणसेवक सांगेल?

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य भांडतात, आणि त्यांची योग्यता त्यांच्या शिष्यांचे कसब पाहून ठरवावी असे ठरते. न्यायासनावर परिव्राजिका बसते. संस्कृत शिकविताना हा प्रवेश आला की मुले हसत. मला मात्र त्या आचार्यांची दया येई. शिष्या रंगमंचावर उभी, आणि घाम गुरूस! नव्या शिक्षकास वर्गाच्या दारात उभा राहणारा प्रत्येक वडील माणूस ही परिव्राजिकाच वाटते. म्हणून दार लोटून घेण्याकडे त्याचा कल होतो. अडचण जितकी मोठी, तितके दार घट्ट. परीक्षक आणि सोबती ही दोन कामे एकाच माणसाकडे दिली की सोबत्याचे काम होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतर देशांनी हे ओळखून काही तजवीज केली आहे. अमेरिकेत जेम्स कॉनंट यांनी १९६३ साली आपल्या ग्रंथात सुचविले होते की, नव्या शिक्षकाचे काम पहिल्या काळात हलके ठेवावे, आणि त्यास मदत करणाऱ्या अनुभवी शिक्षकाचेही काम तेवढ्यापुरते कमी करावे. ही दुसरी अर्धी गोष्ट महत्त्वाची आहे. नाहीतर मदत म्हणजे वेठ होते. जपानात १९८८ साली कायदा होऊन १९८९ पासून टप्प्याटप्प्याने प्रत्येक नव्या शिक्षकास वर्षभर वडील शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची पद्धत सुरू झाली. स्कॉटलंडात २००२ पासून पदवी घेतलेल्या शिक्षकास एका वर्षाची हमखास जागा मिळते. आरंभी तेथे अशा शिक्षकास पूर्ण कामाच्या सुमारे सात दशांशच तास शिकवावे लागत, उरलेला वेळ शिकण्याचा. इंग्लंडात २०२१ पासून ही मुदत दोन वर्षांची झाली. पहिल्या वर्षी शेकडा दहा व दुसऱ्या वर्षी शेकडा पाच तास कमी, आणि सोबतीस नेमलेला एक शिक्षक, जो त्याचा परीक्षक नसतो. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अशा मार्गदर्शकांची कल्पना आहे, आणि २०२२ साली काही केंद्रीय शाळांतून तिचा प्रयोग आरंभिला गेला. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्यातल्या शाळेपर्यंत ती गंगा पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर नव्या शिक्षकाने आपला सोबती आपणच शोधला पाहिजे.

तो कसा शोधावा, हे सांगण्यास मला माझ्याच पहिल्या वर्षाची हकीकत सांगितली पाहिजे. १९८० च्या सुमारास मी कोकणातील एका दोनशिक्षकी शाळेवर रुजू झालो. मुख्याध्यापक भले गृहस्थ. पण त्यांस कारभार पुरे, आणि त्यात १९८१ ची शिरगणती आली. मी वर्गात एकटा. टेकडीपलीकडल्या वाडीवर एक वयस्क गुरुजी होते, निवृत्तीस तीन चार वर्षे उरलेली. शनिवारची शाळा सकाळची असते. त्यांची शाळा आमच्याहून तासभर उशिरा सुटे. मी आमची शाळा सुटली की टेकडी उतरून त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसे. त्यांनी मला कधी व्याख्यान दिले नाही. मी पाहत असे.

पाहिले ते असे. मुले येण्याच्या आधी चौथीची उदाहरणे फळ्याच्या उजव्या भागावर लिहिलेली असत. चौथीची मुले आत येताच पाट्या काढून कामास लागत. दुसरी-तिसरीची मुले समोरासमोर दोन रांगांत बसून पाढे म्हणत. एक रांग विचारी, दुसरी सांगे, आणि चूक झाली की समोरची रांगच ती सुधारी. तेवढ्या वेळात गुरुजी पहिलीत बसत. पहिलीच्या मुलांपुढे चिंचोक्यांची रास असे; जमिनीवर खडूने काढलेल्या मोठ्या अक्षरावर मुले चिंचोके मांडीत. वीस मिनिटांनी गुरुजी उठत आणि जागा बदलत. पण ते कोठेही बसले तरी चारही वर्ग त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात असत, भिंतीकडे तोंड करून ते कधी बसले नाहीत. आवाज चढविलेला मी ऐकला नाही. वर्गात गलबला झाला की ते बोलणे थांबवीत आणि एखाद्या मुलास नावाने हाक मारून खिडकी उघडावयास सांगत. सारा वर्ग खिडकीकडे पाही आणि गलबला मोडे. ही युक्ती मी पुढे तीस वर्षे वापरली.

शाळा सुटल्यावर ते चहा करीत आणि मला एकच प्रश्न विचारीत: “या आठवड्यात तुमच्या वर्गात कोण बोलले नाही?” पहिल्या खेपेस मला उत्तर देता येईना, तेव्हा ते म्हणाले, “मग पुढल्या शनिवारी सांगा.” तेव्हापासून मी न बोलणारी मुले मोजू लागलो. त्यांच्या त्या प्रश्नात उपदेश नव्हता, पण आठवडाभर पुरेल एवढे काम होते. पुढे एकदा ते आपली शाळा सहकाऱ्यावर सोपवून माझ्या वर्गात येऊन बसले. त्यांनी हाती वही घेतली नव्हती, हे मला अजून आठवते.

यातून नव्या शिक्षकाने घ्यावयाचे ते इतकेच की, सोबती शोधताना हुद्दा पाहू नये. ज्याच्या वर्गातून मुले हसत बाहेर पडतात ते माणूस पाहावे. त्याजकडे गेल्यावर ‘मला मार्गदर्शन करा’ असे मोघम बोलू नये. मोघम मागितले की मोघमच मिळते. ‘धीर धरा, सर्व काही ठीक होईल’ या वाक्याचा सोमवारी सकाळी काही उपयोग नसतो. ‘तिसरीस हातच्याची वजाबाकी तुम्ही कशी सांगता, ते मला पाहू द्या,’ असे विचारावे. अशा प्रश्नाने विचारणाऱ्याची योग्यता कमी होत नाही आणि विचारला गेलेला मनुष्य खूष होतो. शिक्षकास आपले कसब कोणी पाहावयास मागितले तर किती आनंद होतो, हे शिक्षकाशिवाय दुसऱ्यास सांगून समजणार नाही. बिचाऱ्यास जन्मभर प्रेक्षक मिळतात ते सहा ते दहा वर्षांचे.

कोकणात मला निदान भाषेची अडचण नव्हती. ती असली म्हणजे काय होते, हे अलीकडे माझ्या एका स्नेह्यांच्या नातीवरून कळले. पुण्यात वाढलेली मुलगी. नेमणूक मेळघाटात, धारणी तालुक्यातील एका गावी. तेथील मुले घरी कोरकू बोलतात. ही भाषा मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे. तिचे कूळ मुंडा, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या नात्यातले. तिच्यापुढे माझे संस्कृतही लंगडे. पाण्यास ‘डा’ म्हणणाऱ्या मुलापुढे तुम्ही जल, नीर, उदक असे कितीही पर्याय ठेवा! मुलगी हुशार, कष्टाळू. पण पहिलीची मुले तिच्या तोंडाकडे नुसती पाहत, आणि ती रोज अधिक मोठ्याने बोले. दसऱ्याच्या सुमारास तिने घरी फोन केला आणि रडू लागली. मुले मंद आहेत असे तिला वाटत होते. त्याहून अधिक, आपण नालायक आहोत असे वाटत होते.

घरात खल झाला. काका म्हणाले, “राजीनामा देऊन ये. सोळा हजारांकरिता इतके हाल कशाला?” वडील म्हणाले की, बदलीसाठी कोणास भेटता येते का पाहू. या दोन्ही सूचना प्रेमाच्याच होत्या, पण दोहोंचाही अर्थ ‘तुला हे जमणार नाही’ असा होत होता, आणि ते फोनवर तिला ऐकू येत होते. शेवटी आजीने फोन हाती घेतला. म्हातारीने नोकरी कधी केलेली नाही. तिने विचारले, “अगं, तिथे जवळपास कोणी जाणती बाई नाही का? स्वयंपाक करणारी, दुसऱ्या शाळेतली, कोणी?” मुलीस आठवले की, शिक्षण परिषदेत एक प्रौढ शिक्षिका भेटल्या होत्या, शेजारच्या केंद्रातील, स्वतः कोरकू समाजातल्या. त्यांनी ‘कधी तरी ये’ म्हटले होते. हिने ते केवळ औपचारिक म्हणून सोडून दिले होते.

पुढल्या रविवारी ती त्यांच्या घरी गेली. त्या बाईंनी तिला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, पंधरा दिवस पहिलीचे पुस्तक उघडू नकोस. मुलांस वस्तू दाखव, तिचे नाव त्यांच्याकडून शिकून घे, आणि देवनागरीत फळ्यावर लिही. आपला शब्द बाईंनी फळ्यावर लिहिला हे पाहिले की मूल बोलू लागते. मग त्याच्याशेजारी मराठी शब्द लिहावा. दुसरी, पोषण आहार शिजविणारी बाई दोन्ही भाषा जाणते, आणि चौथीतली एखादी मुलगीही; त्यांस दुभाषी कर, त्यात कमीपणा नाही. तिसरी गोष्ट कागदपत्रांची: हजेरी आणि आहाराची नोंद रोजच्या रोज झालीच पाहिजे, टाचण आदल्या संध्याकाळी दोन ओळींचे का होईना असावे, मुलांच्या वर्णनात्मक नोंदी शनिवारी लिहाव्या, बाकीच्या तक्त्यांकरिता रात्री जागू नये, मागतील तेव्हा द्यावे. ही तिसरी गोष्ट कोणत्याही प्रशिक्षणवर्गात सांगत नाहीत, कारण तेथे सर्वच कागद सारखे महत्त्वाचे असतात. मुलीने मला सांगितले की, त्या रात्री ती पहिल्यांदा नऊ वाजता निजली.

तिची शाळा काही एका दिवसात गोकुळ झाली नाही. भिंतीवर शब्दांची यादी वाढत गेली, पहिलीची मुले तिला कोरकू शिकविताना तिच्या उच्चारास पोट धरून हसू लागली, आणि हसणाऱ्या मुलांस शिकविता येते. त्या बाईंनी दोनदा येऊन वर्ग पाहिला. ही चारदा त्यांच्याकडे गेली. मार्चअखेर पहिलीतली काही मुले लहान वाक्ये वाचीत होती, काही नव्हती. मुलगी तेथेच आहे.

आता घरच्यांविषयी दोन शब्द, कारण एकत्र कुटुंबात प्रत्येक तरुण शिक्षकास घरीही एक अधिकारीवर्ग असतो. ‘लहान मुलांना तर शिकवायचे आहे, त्यात काय एवढे’ हे वाक्य घरातील कोणीही उच्चारू नये; पहिलीस वाचावयास शिकविणे हे दहावीस बीजगणित शिकविण्याहून अवघड आहे, असे मी अनुभवाने सांगतो. सून शिक्षिका असेल तर घरी आल्यावर तिच्या वह्यांस ओट्यानंतरची जागा देऊ नये. पहिल्या वर्षी तिला रोज दोन तास उद्याच्या तयारीस लागतात; तिसऱ्या वर्षी अर्धा तास पुरेल, पण ते तिसरे वर्ष येईपर्यंत कोणी तरी दुसऱ्याने कुकर लाविला पाहिजे. पहिले मानधन हाती येण्यास कागदोपत्री विलंब होऊन महिनेच्या महिने जातात. तेवढे खोलीभाडे व एस.टी.चे पैसे घरून जावेत, आणि ते मागावे लागू नयेत. लग्नाची स्थळे फोनवर सांगण्यास जून ते ऑक्टोबर हा काळ अगदी वाईट. आणि घरात माझ्यासारखा एखादा निवृत्त मास्तर असेल, तर त्यास विशेष आवरावे. आमच्या वेळचे पाढे, आमच्या वेळची छडी, यांच्या गोष्टी सांगण्याचा मोह आम्हांस फार होतो. छडी तर २००९ च्या कायद्याने बंदच आहे, आणि ती गेली ते बरे झाले. आम्हांस काही करावयाचेच असेल तर आठवड्यातून एकदा फोन करून, या आठवड्यात कोणते मूल बोलले नाही, एवढे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत ते माणूस घरी येईल, तेव्हा पहिले दोन दिवस त्यास झोपू द्यावे. फराळाच्या ताटाभोवती जमवून शाळेची हकीकत विचारू नये. तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन बॅगेतून मुलांच्या वह्या काढील. त्या पाहावयास मागाव्या. अक्षर वाईट असेल, शुद्धलेखन त्याहून वाईट असेल. तिकडे लक्ष न देता, हे कोणाचे आणि हे कोणाचे, असे एकेका वहीचे नाव विचारीत जावे.